आत्यांच्या वाट्याची वाळू

२ एप्रिल

प्रिय आत्या,

सोळा मार्चला दुपारी चारच्या सुमाराला एका मुलीनं माझी कॉलर धरून मला समुद्रातून फरपटत बाहेर काढलं, वाळूवर आपटलं आणि माझ्या कानाशी शिट्टी वाजवली. त्या शिट्टीसरशी माझं सगळं बदललं. कॉलेज, दुसऱ्या वर्षाचे पेपर, होस्टेलची ती ढेकणांची खोली, सगळं मी त्या पाण्यातच सोडून आलो असं समज.

मी कॉलेज सोडल्याचं काकांनी तुला कळवलंच असेल. ‘पोराचं डोकं फिरलंय’ असंही लिहिलं असेल. खरं तर ते पहिल्यांदाच जागेवर आलंय. आठ दिवसांच्या सुट्टीवर आलो होतो, परत गेलो नाही, एवढीच गोष्ट. कुणाला विचारलं नाही आणि विचारायची गरजही वाटली नाही.

ती इथं किनाऱ्यावर जीवरक्षक आहे. लाल झेंडा लावलेला असताना मी पाण्यात शिरलो होतो. बाहेर काढल्यावर तिनं विचारलं, “झेंडा दिसला नाही?”

“दिसला.”

“मग?”

“मला पोहता येतं.”

“येणारेच बुडतात. न येणारे काठावर बसून शेंगा खातात,” ती म्हणाली आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता मचाणावर जाऊन बसली.

सगळं गाव तिला शिट्टी म्हणतं. मीपण तेच म्हणतो, मनातल्या मनात मात्र जरा वेगळ्या सुरात.

आता कामाचं. मी आपल्या घराला लागून मागे असलेल्या काकांच्या ऑफिसात बसायला लागलोय. जमिनी, घरं, फ्लॅट, सगळ्याची दलाली. आपल्या घरामागे समुद्रापर्यंत जी वाळूची पट्टी आहे, तुझ्या नावावरची, तिथं बारा मजली टॉवर उभा राहणार आहे. नकाशे तयार, टॉवरवाला तयार. अडलंय ते तुझ्या हक्कसोडपत्रावर. त्या पट्टीवरचा हक्क तू भावाच्या नावे सोडलास, एवढं लिहून सही करायची. तुला काका चांगली रक्कम देणार आहेत आणि मला चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, पश्चिमेला तोंड करून. तो हातात आला की मी शिट्टीला विचारणार. रिकाम्या हातानं विचारलं तर ती पुन्हा कानाशी वाजवेल.

तिथं आहे तरी काय? वाळू आणि कावळे. तू कित्येक वर्षांत तिकडे फिरकलीही नाहीस.

काका म्हणतात तू त्यांच्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाहीस. म्हणून मी लिहितोय. आईबाबा गेल्यावर मला वाढवलं काकांनी, हे खरं. पण सुट्टीत तुझ्याकडे आलो की लाड तूच केलेस, हेही खरं. तेवढा एक अजून कर.

तुझा भाचा


११ एप्रिल

चिरंजीव भाच्यास आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, घाईघाईत बस पकडायला पळणाऱ्या माणसासारखं. पत्र लिहिलंस ते बरं केलंस. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांच्या तारा जोडल्या, त्यांची भांडणं ऐकली आणि त्यांच्या मयताच्या बातम्या पोचवल्या. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं, आता रिसीव्हर कानाला लावायचा नाही. तुझ्या काकाला हे ठाऊक आहे, तरी तो फोन करतो आणि मी उचलत नाही म्हणून गावभर सांगतो.

तू कॉलेज सोडलंस. ठीक आहे. रागवायला हवं, पण रागवायचं काम तुझा काका माझ्याही वाटणीचं करत असेल.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मुलीसाठी, दुसऱ्यांदा वाळूसाठी. ‘वाळू आणि कावळे’ म्हणतोस. मग दर जानेवारीत मला एक पाकीट येतं, आत होडीच्या लाकडाची एक ढलपी आणि चार ओळी असतात, ते कोण पाठवतं? कावळे? त्या पट्टीवर एक माणूस होड्या दुरुस्त करतो. सत्तावीस वर्षांपूर्वी मीच त्याला तिथं बसवलं, तोंडी शब्दावर. त्याला एक मुलगी आहे. ‘पोरगी दिवसभर शिट्टी वाजवते, शेजारी कुणी नाही हे नशीब,’ असं त्यानं एकदा लिहिलं होतं.

तुझी ती जीवरक्षक कुठं राहते, ते तू लिहिलं नाहीस. विसरलास की गाळलंस?

सही करायला माझा हात दुखत नाही. पण कशावर करते आणि कुणाच्या डोक्यावरचं छप्पर काढून करते, हे मला कळू दे.

आत्या


२० एप्रिल

प्रिय आत्या,

गाळलं. विसरलो नव्हतो. एवढं कबूल करतो आणि पुढे जातो, कारण मान खाली घालून बसणं मला जमत नाही.

हो, ती तिथंच राहते. बापाच्या शेडला लागून पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. पण मी काही तिला बेघर करायला निघालो नाही. काकांनी मला शब्द दिलाय, होडीवाल्याला टॉवरच्या तळमजल्यावर एक खोली आणि शेडपुरती जागा. त्याखेरीज मी तुला लिहिलंच नसतं. काका चतुर आहेत, कधी कधी जास्तच, पण माझ्या तोंडावर खोटं बोलणार नाहीत.

सोबत हक्कसोडपत्राचा कागद आहे. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारलीय.

आणि एक मदत हवी आहे. टॉवरची रंगीत पुस्तिका छापायची आहे, तिचं पहिलं पान मी लिहायचं असं ठरलं. ‘दोन वर्षं तरी शिकलास ना, लिही,’ काका म्हणाले. मथळा त्यांचाच, ‘शंभर वर्षांचा किनारा’. सुरुवातही त्यांनीच सुचवली, ‘आमच्या पूर्वजांनी समुद्रावर जिवापाड प्रेम केलं.’ त्यापुढे मी अडकलो. मला यातलं काहीच माहीत नाही. काका फक्त भाव सांगतात. नुसतं पाणी दिसलं तर दीडपट. पाणी आणि मावळता सूर्य दोन्ही दिसले तर दुप्पट. पाणी कसंबसं, न्हाणीघराच्या खिडकीतून मान वाकडी करून दिसलं, तरी सव्वापट. काल एका गिऱ्हाइकाला त्यांनी स्टुलावर उभं करून समुद्र दाखवला.

तुला जुनं ठाऊक आहे. लिही ना. शंभर वर्षांपूर्वी इथं काय भाव होता?

ता.क. मी रोज मचाणाखाली जाऊन बसतो. काल ती म्हणाली, “तुला काही काम नाही का?” मी म्हटलं, “हेच.” तिनं दुर्बीण उचलली आणि माझ्या डोक्यावरून लांब बघत बसली. हसली नाही, पण हाकललंही नाही.

तुझा भाचा


२ मे

चिरंजीव भाच्यास,

तुझ्या काकाला सांग, आपल्या पूर्वजांनी समुद्रावर प्रेम केलं नाही. त्यांनी समुद्राकडे पाठ केली आणि मध्ये भिंत घातली.

शंभर वर्षांपूर्वी या गावात ज्याची ऐपत असे तो समुद्रापासून जितकं लांब जमेल तितकं लांब घर बांधायचा. खारा वारा लोखंड खातो, भिंतीचा रंग खातो, धुतलेले कपडे चिकट करून ठेवतो. आपल्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नव्हती. त्या बाजूला फक्त संडास. ज्या देखाव्याचे तुझा काका दुप्पट पैसे घेतो, तो तेव्हा घरातल्या प्रत्येकाला सकाळी पाच मिनिटं फुकट मिळायचा, आणि तेवढ्या वेळात कुणी त्याच्याकडे बघायचं नाही.

भाव ठरायचा पाण्यावर, पण गोड्या पाण्यावर. विहीर गोडी तिथवर जमीन. त्यापुढे पाणी मचूळ, आणि मचूळ पाण्याच्या पुढे सगळी वाळू, फुकट दिली तरी कुणी घेत नसे. तरीही कर मात्र वाळूवरसुद्धा लागायचा.

माझ्या आजोबांची धाकटी बहीण लग्न मोडून माहेरी आली. आली ती वाटा मागत आली. तेव्हा बायका असलं काही मागत नसत. आजोबांनी नाही म्हटलं, तर ही दारात पथारी टाकून बसली. तीन दिवस. येणारे-जाणारे विचारायला लागले तेव्हा आजोबांना डाव सुचला. वाटाही दिल्यासारखा होईल आणि वाळूवरचा करही आपल्या डोक्यावरून जाईल.

मोजणीदार साखळी घेऊन आला. आजोबा म्हणाले, “हद्द गोडी विहीर धरा. विहिरीच्या पश्चिमेचं समुद्रापर्यंत सगळं हिचं.”

मोजणीदार म्हणाला, “मालक, विहिरीच्या पलीकडे तुमची मागची पडवी आहे. ती पण जाईल.”

“जाऊ दे. पडवीचा करही तीच भरेल.”

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण हुशार माणसाला थांबता येत नाही. कागदात त्यांनी आणखी एक ओळ घालून घेतली. ही जमीन तिच्यानंतर घरातल्या मुलीकडे जावी, मुलाकडे कधीही येऊ नये. आपल्या मुला-नातवांच्या गळ्यात तो करांचा धोंडा पडू नये म्हणून. त्या दिवशी ते इतके खूश होते की मोजणीदाराला त्यांनी दोनदा जेवायला वाढलं, असं आजी सांगायची.

तर त्या आत्याआजीकडून ती वाळू माझ्या आत्याकडे आली आणि आत्याकडून माझ्याकडे. या घरात वाळू आत्याकडून भाचीकडे जाते.

पुढचं ऐक. डॉक्टर लोक छातीच्या रोग्यांना समुद्राची हवा घ्यायला सांगू लागले. आत्याआजीनं फळ्यांच्या सहा खोल्या उभ्या केल्या आणि खाटेवर भाडं लावलं. गाव त्याला खोकलेवाडी म्हणायचं. आजोबा रस्त्यात तिच्याशी बोलत नसत, रोग लागेल म्हणून. तिला काही लागलं नाही. ती एकोणऐंशी वर्षं जगली.

मग त्या रोगावर औषध निघालं आणि खाटा रिकाम्या झाल्या. पण लोकांना समुद्राची सवय लागली होती. आता धडधाकट माणसं यायला लागली, पाण्यात डुंबायला. माझ्या आत्यानं त्याच सहा खोल्या कपडे बदलायला भाड्यानं दिल्या. मी नऊ वर्षांची असताना आमच्या बाबांनी पश्चिमेच्या भिंतीला पहिली खिडकी फोडली. गवंडी विचारत होता, “इकडे काय बघायचंय?” बाबा म्हणाले, “लोक बघतात म्हणे.” त्याच वर्षी त्यांनी आत्याला पहिल्यांदा सांगितलं की वाळू घराण्यात परत दे. तिनं दिली नाही. मग रस्ता झाला, गाड्या आल्या, हॉटेलं आली. हॉटेलांनी बोअर पाडले आणि आपली गोडी विहीर खारट झाली. पुढे कुणीतरी ती बुजवली. कुठं होती तेही आता मला नीट दाखवता येणार नाही, खुणेची पडवीच राहिली नाही.

तेव्हापासून प्रत्येक भावाला वाटतंय की बहिणीला त्या वाळूचा फार त्रास होतोय.

मूळ कागद तुझ्या काकाच्या लोखंडी कपाटात असणार. काढून वाच, पुस्तिकेला उपयोग होईल.

आत्या


१० मे

प्रिय आत्या,

सही करू नकोस. हे आधी वाच आणि मग बाकीचं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी काका टॉवरवाल्याबरोबर गावात गेले होते. मी कपाट उघडलं. हे कपाट नेहमी एका बाजूला कलतं. खाली जुन्या पुस्तिकांच्या घड्या घालाव्या लागतात, आणि दर पावसाळ्यानंतर आणखी एक घडी. फरशी तिथं खचते. ऑफिस झाडताना मी वैतागून कितीदा म्हटलं असेल, की काका, गवंड्यानं तुम्हाला फसवलं.

कागद सापडला. तू लिहिलंस तसाच आहे, ती मुलाकडे न येण्याची ओळसुद्धा. मोजणीदारानं खाली नकाशा काढलाय. रस्त्यापासून विहिरीच्या मध्यापर्यंत साखळीची मापं दिलीत. मी टेप घेतली आणि रस्त्याच्या कडेपासून मोजत आलो. दारातून आत आलो, गिऱ्हाइकांच्या बाकाखालून गेलो आणि कपाटाशी थांबलो. दोनदा मोजलं. मग कपाट ढकललं, एकट्यानं, पाठ अजून दुखतेय. खालच्या फरश्या गोल खचल्यात. परातीसारख्या, कुणी कंपासानं आखल्यासारख्या गोल.

आत्या, विहीर कपाटाखाली आहे. आणि काकांची खुर्ची, टेबल, तो काचेतला टॉवरचा नमुना, गेली वीस वर्षं चालणारं सगळं ऑफिस, विहिरीच्या पश्चिमेला आहे. म्हणजे तुझ्या वाळूत.

संध्याकाळी पुस्तिकेचे नकाशे घेऊन मी मचाणाशी गेलो. शिट्टीला फ्लॅटबद्दल सांगून टाकलं. धीर नव्हता म्हणून सगळं एका दमात सांगितलं, फ्लॅट, पश्चिम, चौथा मजला, तू आणि मी. ती ऐकत होती. मग म्हणाली, “चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसतो रे. बुडणारा माणूस दिसत नाही.”

मी म्हटलं, “तुझ्या वडलांना तळमजल्यावर खोली आहे.”

“कुठं? दाखव.”

मी नकाशा उघडला. शोधला. तळमजल्यावर गाड्या. आणि शेड आहे त्या जागी निळ्या रंगाचा पोहायचा तलाव. समुद्रापासून साठ पावलांवर तलाव, आत्या. ती इतकी हसली की मचाणाची शिडी हलायला लागली. “तुझे काका परवा आले होते,” ती म्हणाली. “तलावावर मला नोकरी देतो म्हणाले. छत्रीखाली बसायचं, चार फूट पाण्यात लक्ष ठेवायचं. तुला हे माहीत होतं?”

नव्हतं. पण हे तिला पटवणं मला जमलं नाही. ती म्हणाली, “नकाशे तू घेऊन फिरतोस. मग तुला माहीत नसण्याला मी काय करू?”

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं. ते म्हणाले, “अरे, शब्द म्हणजे बोलायची एक पद्धत असते. वेळ आली की बघू.”

म्हणून सांगतो, सही करू नकोस. केली असशील तर पाठवू नकोस.

तुझा भाचा


११ मे

चिरंजीव भाच्यास,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण ठरवलेलं काम केल्याशिवाय मला राहवत नाही.

सोबत सही केलेला कागद आहे.

माझं वय आता बहात्तर. गुडघे वाळूत चालायचे राहिले नाहीत. मला भाची नाही. एक भाचा आहे, तोही कॉलेज सोडलेला. आत्याआजीला त्या वाळूनं छप्पर दिलं, माझ्या आत्याला दिलं. मला नोकरी होती, म्हणून मला लागलं नाही. तुला लागतंय तर तू घे. कागदावर मुलाकडे येऊ नये असं लिहिलंय, पण ते लिहिणाऱ्याचा हेतू काय होता ते तुला मी सांगितलंच आहे. त्याच्यासाठी मी तुला बिनलग्नाचा ठेवणार नाही.

एकच गोष्ट. होडीवाल्याला खोली मिळणार, हे तू लिहिलं आहेस. काकाच्या शब्दावर मी सही केली नसती. तुझ्या शब्दावर केली.

मुलीला माझा आशीर्वाद सांग. शिट्टी हळू वाजव म्हणावं.

आत्या


२० मे

प्रिय आत्या,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळेपर्यंत तुझी सही इथं पोचली होती. आता मी होडीवाल्याच्या शेडमध्ये एका उपड्या होडीवर कागद ठेवून लिहितोय. घाबरू नकोस, तुझी सही माझ्या खिशात आहे. झालं कसं ते नीट सांगतो.

त्याआधी एक मागणं, कारण शेवटी लिहिलं तर तुला वाटेल की रागात लिहिलं. ती वाळू शिट्टीच्या नावे कर. माझ्या बायकोच्या नावे नाही, कारण ती माझी बायको नाही आणि होईल असं काही दिसत नाही. परवा मी विचारलं तेव्हा ‘नाही’ म्हणाली. काल विचारलं तेव्हा काहीच बोलली नाही, याला मी प्रगती समजतो. पण त्याचा आणि वाळूचा संबंध नाही. तुला भाची नाही असं तू लिहिलंस. ती त्या वाळूवर जन्मली, तिथं चालायला शिकली, आणि तिथून आजवर तिनं चाळीसहून जास्त माणसं बाहेर ओढून काढलीत, त्यात एक मीही. घरातली मुलगी आणखी कशी असते? मला काही नको. मला दिलंस तर उद्या मीही कुणाला तरी स्टुलावर उभं करून समुद्र दाखवीन. दोन महिन्यांत मला ते चांगलं जमायला लागलं होतं, म्हणून सांगतो.

आता काल सकाळचं. पाकीट माझ्या नावावर होतं, पण ऑफिसच्या पत्त्यावर, त्यामुळे काकांनी आधी फोडलं. मी आत गेलो तेव्हा टॉवरवाला समोर बसला होता. तुझा कागद टेबलावर काचेच्या वजनाखाली होता. काका इतके खूश होते की उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते कधी उठून उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

“ये, ये. तू केलंस बघ. मला चार वर्षांत जमलं नाही ते तू दोन पत्रांत केलंस.”

सही करणारी समोर हजर नसेल तर तिचं अक्षर ओळखणारा घरचा माणूस साक्षीदार लागतो. काकांनी पेन पुढे केलं. “इथं. नाव आणि तारीख.”

मी कागद हातात घेतला आणि विचारलं, “होडीवाल्याची खोली कुठल्या पानावर आहे?”

टॉवरवाला काकांकडे बघायला लागला. “कोण होडीवाला?”

“बघू म्हटलं ना मी तुला,” काका म्हणाले. “पाहुण्यांसमोर नको.”

“मग त्यांच्यासमोर दुसरं विचारतो. ही विहीर तुम्हाला कधी सापडली?”

मला वाटलं होतं ते उखडतील. ते खुर्चीत बसले आणि कपाटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पाया खणताना. तुझे वडील माझ्या शेजारी उभे होते. दोघांनी मिळून बुजवली. तो म्हणाला, ताईला कळवू या. मी म्हटलं, कळवू सावकाश. मग तो गेला.” त्यांनी चष्मा काढला. “वीस वर्षं मी या खुर्चीत बसून तुला भरवलंय, शिकवलंय. तुझ्या होस्टेलचे पैसे या खुर्चीतून गेले. ते घेताना वाळू कुणाची होती, हे विचारलंस का कधी?”

आत्या, ते मला लागलं. अजून लागतंय. ते वाईट माणूस नाहीत, हे मी त्यांना काल सांगितलं नाही. तुला सांगतो.

पण लागलं म्हणून सही करायची, हे मला पटत नाही. मी म्हटलं, “नव्हतं विचारलं. आता विचारतोय. अक्षर आत्याचंच आहे, ओळखलं मी. पण तिनं सही केली ती माझ्या शब्दावर, आणि तो शब्द तुम्ही मला खोटा दिला होता. मी साक्ष देणार नाही.”

टॉवरवाला हसून म्हणाला, “अहो, तरुण रक्त आहे. फ्लॅट चौथ्याऐवजी सातव्या मजल्यावर देऊ. काय म्हणता?”

“बाराव्यावर दिला तरी नाही. आणि तुम्ही जरा पाय वर घ्या, तुम्हीही तिच्याच वाळूत बसलाय.”

कागदाची मी घडी घातली आणि खिशात ठेवली. काका उठले नाहीत. हात पुढे करून ते एवढंच म्हणाले, “तो कागद दे.”

“हा माझ्या नावावर आला होता, काका.”

“खायचं काय, राहायचं कुठं, याचा विचार केलास?”

“नाही.”

“तुझ्या बापानंही कधी केला नाही.”

“तो निदान कळवू या म्हणाला होता.”

मी खिशातून ऑफिसची किल्ली काढली, घराची काढली, दोन्ही त्यांच्यासमोर ठेवल्या आणि वाकून त्यांच्या पाया पडलो. का पडलो, मला विचारू नकोस. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही.

त्या ऑफिसचं दार काचेचं आहे, वर स्प्रिंग बसवलेली. आपलं आपण सावकाश मिटतं, गिऱ्हाइकाच्या पाठीवर आपटू नये म्हणून काकांनी मुद्दाम तसलं आणवलं. मी बाहेर आलो. ते मिटेपर्यंत काका आतून मला बघत राहिले असते आणि मी त्यांना. मी वळलो, मूठ धरली आणि दार ओढून लावून घेतलं.

तुझा भाचा